एका शब्दाचं माहेर

आमच्या घरात ताल धरायला बंदी होती. गाण्याला नव्हती. आई स्टोव्हला पिन मारता मारता गुणगुणायची, संध्याकाळी रेडिओ चालू असायचा, आणि शेजारच्या खोलीतल्या वहिनी कपडे धुताना लग्नातली गाणी म्हणायच्या ती आमच्या पातळ भिंतीतून थेट आमच्याच घरात यायची. त्याला कुणाची हरकत नसे. पण ट्रंकेच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केली, ताटावर चमचा वाजवला, पाट उलटा करून त्यावर थाप मारली, की नाना उठायचे. नाना म्हणजे माझे वडील. स्वभावाने इतके गरीब की रॉकेलच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तरी हे एक पाऊल मागे सरकणार. पण ताल म्हटला की त्यांचा चेहराच बदलायचा. माझा धाकटा भाऊ दिलीप याची बोटं कधी गप्प नसायची, त्यामुळे त्याला त्यांच्या हातचा मार बसायचा तो एवढ्याच एका गुन्ह्यासाठी. सहामाहीत गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा नाही, शेजाऱ्याची सायकल नाल्यात घातली तेव्हाही नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर वाजवलं की मात्र पाठीत धपाटा. आम्ही आईला विचारलं तर ती म्हणायची, "दिवसभर कारखान्यात खडखडाट ऐकून डोकं उठतं रे त्यांचं, घरी तरी शांतता नको?" नाना वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. त्यामुळे आईचं म्हणणं आम्हाला पटलं, आणि पुढे बरीच वर्षं पटलेलंच राहिलं.

आता मी शीळफाट्याकडच्या एका टॉवरमध्ये राहते. श्रावणाच्या आधीपासूनच खालच्या मोकळ्या प्लॉटवर पोरंपोरी जमतात आणि ढोलताशाची प्रॅक्टिस सुरू होते. मागच्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार अर्जावर सही मागायला आले होते. म्हणाले, मॅडम, तुमच्यासारख्या सीनियर लोकांना फार त्रास होत असेल. मी सही केली नाही. म्हटलं, वाजवू द्या हो, त्यांना कुणी बोलावून आणलेलं नाही, आपल्या हौसेने आलीत ती. त्यांना यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते परत आले नाहीत. एक पोरगा मात्र सारखा मागे पडतो, त्याला कुणीतरी सांगायला हवं.

तर तेव्हा आम्ही कल्याण पूर्वेला एका चाळीत राहत होतो. एक खोली, आणि पत्र्याचं पार्टिशन घालून केलेलं स्वयंपाकघर. समोरच्या भिंतीवर आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरी, त्यांना आई रोज सकाळी पुसायची आणि नाना कामाला निघताना हात जोडायचे. गाव संगमेश्वराकडचं, त्यामुळे घरात खाणं सगळं कोकणातलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, आणि सुकट तर आठवड्यातून तीनदा. कांदा भरपूर घालून, वर कोकमाचं आगळ टाकून आई सुकट करायची तेव्हा खालच्या मजल्यावरून माणसं हाका मारायची की आज बेत आहे वाटतं. माझ्या कॉलेजच्या डब्यात मात्र तिने सुकट कधी दिली नाही. पोळी आणि बटाट्याची भाजी, नाहीतर पोळी आणि मटकी. मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. घरातल्या काही गोष्टी अशा आपोआप ठरलेल्या असतात.

कॉलेज ठाण्याला होतं. तिथे मी नुसती जाधव होते, आणि जाधव या आडनावाची सोय अशी की त्यावरून काही कळत नाही. कुणी फार खोदून विचारलं की मी म्हणायचे, आम्ही कोकणातले. लगेच बोलणं आंब्यावर जायचं. तुमच्याकडे कलमं असतील ना, यंदा मोहोर कसा आहे. आमच्या नावावर गावाला आंब्याचं एक पानसुद्धा नव्हतं, पण हापूसने मला कितीतरी वेळा वाचवलं आहे. खोटं मी बोलत नव्हते. विचारणाऱ्याला थांबावंसं वाटेल तिथे त्याला थांबू देत होते, इतकंच.

वर्गात माझी एकच मैत्रीण होती, मेधा. नौपाड्यात राहायची. लेक्चर संपलं की आम्ही दोघी तिच्या घरी जायचो, आणि तिची आई आम्हाला मऊ भात, मेतकूट आणि वरून लोणकढं तूप घालून वाढायची. त्या घरात मी ओट्याशी उभी राहून ताक ढवळलं आहे, लोणच्याच्या बरणीत चमचा घातला आहे. मेधाची आई म्हणायची, "सुमन, तू लाजू नकोस गं, हे तुझंच घर समज." मला ते घर फार आवडायचं. तिथे जेवताना माझ्या मनात एकच विचार असायचा, की हिला कळलं तर काय होईल. आज हे सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

आम्हाला इंग्रजी शिकवायला पेंडसे मॅडम होत्या. उंच, सुती साडी, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम पर्समध्ये. त्यांची एक पद्धत होती. टेबलावर कोको पावडरचा रिकामा डबा ठेवायच्या, त्यात चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीत इंग्रजीतला एकेक असा शब्द जो मुळात इंग्रजीतला नाही. आपण चिठ्ठी उचलायची आणि पुढे नंबर येईल त्या दिवशी वर्गासमोर उभं राहून त्या शब्दाचं माहेर सांगायचं. "नुसतं कुठून आला हे सांगू नका," मॅडम बजावायच्या. "माहेरी तो काय करत होता, निघताना बरोबर काय घेतलं, काय मागे राहिलं, तेही सांगा. घरी विचारा, मोठ्या माणसांना विचारा. शब्द पुस्तकात राहत नाहीत." वर्गाला याची मजा वाटायला लागली होती. वैद्य नावाच्या मुलाला मुंगसाचा इंग्रजी शब्द आला, आणि तो शोधत शोधत शेवटी आपल्या मराठी मुंगसापाशीच येऊन पोचला. तेव्हा सगळ्या वर्गाने बाकं बडवली, जणू मुंगूस आम्हीच पाळलं होतं. मेधाला शाम्पू आला. तिने तो डोकं चेपण्यापासून कसा निघाला ते माझंच डोकं चेपून दाखवलं.

माझ्या चिठ्ठीत आला परायाह, इंग्रजीत pariah. मी तो आधी ऐकलेला नव्हता. उच्चारायला छान वाटला. मेधा म्हणाली, "अगं सोप्पाय तुझा. हिंदीतला पराया असणार, दुसरं काय? दोन मिनिटांत बसशील खाली." मला तेही बरं वाटलं.

घरी दिलीपची खिशातली छोटी डिक्शनरी होती, इंग्रजी-मराठी. मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्याने माझ्या वहीत अडकवलेली चिठ्ठी पाहिली होती आणि शब्द शोधूनही ठेवला होता. रात्रीच्या जेवणाला बसलो आणि त्याने मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, "ताईचा शब्द ऐका. जातिबहिष्कृत मनुष्य. अस्पृश्य. बेवारशी कुत्रा." त्याला त्यात गंमत वाटत होती. शेवटचा अर्थ वाचून हसायचं म्हणून त्याने वर पाहिलं, तर कुणीच हसत नव्हतं. आई भाकरी थापायची थांबली होती. नानांचा घास हातातच.

"कोणी दिला हा शब्द?" त्यांनी विचारलं.

"मॅडमनी. म्हणजे चिठ्ठी होती, डब्यातून मीच उचलली."

"तुझ्याकडे बघून दिली का?"

"नाही ओ नाना. मीच हात घातला."

"बदलून माग."

"बदलून देत नाहीत. मेधाला पण हवी होती बदलून, नाही दिली."

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मग त्या दिवशी जाऊ नकोस." आणि उठून हात धुवायला गेले. मला खरी भीती वाटली ती या वाक्याने. अंगात ताप असताना मला छत्री देऊन शाळेत पोचवणारा हा माणूस. आमच्या घरातल्या पोरीने वर्ग चुकवायचा नाही, हे त्यांनीच इतक्या वेळा सांगितलेलं की आम्ही त्यांची नक्कल करायचो. आणि तेच म्हणतायत, जाऊ नकोस. त्यानंतर मी तो शब्द डोक्यातून काढायचा प्रयत्न केला तर तो जास्तच घर करून बसला. मी वर्गासमोर उभी आहे आणि तोंडाने अस्पृश्य म्हणते आहे असं मला दिसायचं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तो नुसता शब्द राहिला असता. माझा आवाज फुटणार, कान लाल होणार, आणि पुढच्या बाकावर बसलेल्या मेधाला सगळं कळणार. मग नौपाड्यातलं ते घर सुटणार. पराया सांगून मोकळं व्हावं असं दर तासाला वाटायचं. कुणाला काय कळणार होतं? पण पेंडसे मॅडमना कळलं असतं, आणि त्यांच्यासमोर मला बावळट ठरायचं नव्हतं. माणूस घाबरलेला असला तरी त्याचा नाक वर करायचा स्वभाव काही जात नाही.

शेवटी मी ठाण्यातल्या जुन्या ग्रंथालयात गेले. तिथे तो मोठा इंग्रजी कोश होता, घरी न्यायला मिळत नसे, उतरत्या मेजावर ठेवलेला असायचा आणि उभ्याउभ्याच वाचायचा. पानं पातळ, अक्षरं मुंगीएवढी. काय वाचायला मिळणार हे मला माहीत होतं, त्यामुळे बोट ओळीवर ठेवून मी हळूहळू गेले. शब्द तमिळ होता. पुढे लिहिलं होतं की एक वाद्य असतं, चामड्याचं, ढोलाच्या जातीचं, त्याला तमिळमध्ये पऱै म्हणतात. ते पिढ्यान् पिढ्या वाजवणारे लोक ते पऱैयर. म्हणजे वाजवणारे. मग समुद्रापलीकडची माणसं आली, त्यांनी ते नाव उचललं, सगळ्याच गावाबाहेरच्यांना चिकटवलं, आणि पुढे ज्याला कुणी दारात उभं करत नाही अशा कुठल्याही माणसाला.

मी ते पुन्हा वाचलं. मग परत एकदा. आणि मला मोठ्याने हसू आलं, समोरचे पेपर वाचणारे आजोबा चष्म्यावरून बघायला लागले. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी धरून चालले होते की हा शब्द जन्मालाच शिवी म्हणून आला असणार, आणि इथे तर त्याच्या मुळाशी एक वाद्य निघालं होतं, आणि ते वाजवणारी माणसं. शिवी त्याला मागून लावली होती, लावणारे दुसरेच. आता वय झाल्यावर मला हेही कळतं की माहेरी तरी त्या लोकांना कुणी पालखीत बसवून फिरवत नव्हतं, तिथेही त्यांची वस्ती गावाबाहेरच होती, शब्द चांगला निघाला म्हणून माणसांचे हाल कमी होत नाहीत. पण त्या वयात मला तेवढं पुरलं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि घरी गेले.

नानांच्या सुट्टीचा दिवस होता. आई आणि नाना गॅलरीत सूप मध्ये घेऊन सुकट निवडत बसले होते. डोकी खुडून वेगळी, काडीकचरा वेगळा. नाना हे काम फार मन लावून करायचे. मी चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, "नाना, तो शब्द शिवी नाहीये. तमिळ आहे. एक चामड्याचं वाद्य असतं, त्याचं नाव. ते वाजवणाऱ्या लोकांचं नाव आहे ते."

नानांचा हात सुपातच थांबला. आईने माझ्याकडे नाही, नानांकडे पाहिलं.

"शेकत असतील," नाना म्हणाले.

"काय?"

"चामडं. वाजवायच्या आधी आगीवर शेकायला लागतं. नाहीतर आवाज बसतो. पावसाळ्यात तर फारच."

"तुम्हाला काय माहीत?"

आई म्हणाली, "सांगून टाका आता. किती वर्षं गिळून बसणार आहात?" तिने सूप बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले. मग नाना बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, समोरच्या चाळीच्या कौलांकडे बघत.

त्यांचे वडील, म्हणजे माझा आजा, गावात ढोल वाजवायचा. शिमग्याला, लग्नाला, मयताला, सगळ्याला. लहानपणी नाना त्याच्या बाजूला टिमकी घेऊन उभे असायचे. उभं राहायचं ते अंगणाच्या बाहेर, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे. वाजवण्यासाठी बोलावणं आलं की जायचं. काय देतील ते त्यांच्या मनावर, आणि नाही म्हणायची सोय नाही. "एकदा माझ्या धाकट्या भावाला दुपारी माती देऊन आलो," नाना म्हणाले, "आणि संध्याकाळी खोतांकडे वरात होती. माणूस आला बोलवायला. गेलो आम्ही. तुझा आजा वाजवत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो." मग धर्मांतर झालं. सगळ्या वाडीने बसून ठरवलं की आता वाजवायचं नाही. बाकीच्यांनी ढोल माळ्यावर टाकले. आज्याने कोयता घेतला आणि दोन्ही बाजूंचं चामडं स्वतः कापून काढलं, परत कधी मन डळमळीत झालं तरी वाजू नये म्हणून. मग गावाने वाडीचं काम बंद केलं, दुकानातून मीठमिरची देईनात. तेव्हा आज्याने नानांना कल्याणला चुलत्याकडे पाठवून दिलं. म्हणाला, हातात मशीन धर.

"वाजवणं वाईट नव्हतं सुमे," नाना म्हणाले. "तुझ्या आज्याचा हात गोड होता, लोक दुसऱ्या गावातून ऐकायला यायचे. बोलावलं की जावंच लागायचं, ते वाईट."

"मग दिल्याला का मारता?"

नाना पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "कारण तो बरोबर वाजवतो," ते म्हणाले. "त्या ट्रंकेवर वाजवतो ना, तो आज्याचा हात आहे. कुणी शिकवलेलं नाही त्याला. मला ऐकवत नाही गं. भीती वाटते, की कुणीतरी येईल आणि चल म्हणेल."

आई डोळे पुसत होती आणि पुसता पुसता हसतही होती. "बोललात एकदाचे," ती म्हणाली. मला राग आला होता का? आला होता, पण कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. दिलीपचे सगळे धपाटे मला आठवत होते आणि नानांच्या मांडीवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. मी विचारलं, "हे मी वर्गात सांगू का?"

"तुझ्या त्या मैत्रिणीचं घर सुटेल," नाना म्हणाले. मेधाच्या घराबद्दल मी त्यांच्याकडे कधी एक अक्षर बोलले नव्हते. बापाला न सांगता किती कळतं याचा अंदाज मुलांना नसतो. मी म्हटलं, माहीत नाही. ते परत सुकट निवडायला लागले. म्हणाले, "मी हो म्हणणार नाही, नको पण म्हणणार नाही. तोंड तुझं आहे."

माझा नंबर शनिवारी होता. सकाळी आईने डबा भरून दिला, नाना माझ्या आधीच निघून गेले होते. वर्गात पेंडसे मॅडम नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मी पुढे उभी राहिले. कोशातला भाग मी पाठच करून आले होते, तो तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणून टाकला. तमिळ शब्द, वाद्य, वाजवणारे, मग समुद्रापलीकडचे लोक. पोरं ऐकत होती, कुणीतरी मागे कागद चुरगाळत होतं. तिथेच थांबता आलं असतं. पण माहेरी तो काय करत होता हे सांगायचं होतं, म्हणून मी सांगितलं की असं वाद्य वाजवायच्या आधी आगीवर शेकावं लागतं, नाहीतर आवाज बसतो.

वैद्यने हात वर केला. त्याला प्रश्न विचारायची खोडच होती. "हे कोशात दिलंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग तुला कसं माहीत?"

यासाठी माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. मी मराठीत म्हटलं, "माझे आजोबा वाजवायचे. गावाला, लोकांच्या अंगणाबाहेर उभे राहून. बोलावलं की त्यांना जावंच लागायचं. आम्ही बौद्ध आहोत. धर्मांतर केलं तेव्हा त्यांनी वाजवणं सोडलं." हे सगळं एका दमात झालं. आवाज फुटला नाही. कान लाल झाले की नाही ते मला दिसणं शक्य नव्हतं.

पंखा कुरकुरत होता. मग मागून मॅडमनी विचारलं, "सोडलं म्हणजे काय केलं? विकलं?"

"नाही. चामडं कापून टाकलं. स्वतः."

मॅडमनी ते लिहून घेतलं. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वही वाचली, आणि म्हणाल्या, "उत्तम. पण सुमन, तू मधला पोर्तुगीजांचा मुक्काम गाळलास. तो शब्द आधी त्यांच्याकडे गेला, मग इंग्रजांकडे. आळस केलास. बस. पुढचा कोण?" झालं. पुढचा मुलगा उठला आणि त्याच्या शब्दाचं रडगाणं सुरू झालं. त्या पोर्तुगीजांवरून मला इतकं बरं वाटलं होतं की मी जागेवर कशी आले ते आठवत नाही. माझी भाची हल्ली म्हणते, आत्या, त्या विषय टाळत होत्या, तुला कळलं नाही. असेलही. पण मी काय सांगितलं हे त्यांनी लिहून घेतलं होतं आणि काय गाळलं तेही मला सुनावलं होतं. टाळणारी माणसं मी पुढे खूप पाहिली, ती चुका काढत नाहीत.

मेधा बाकावर सरकली, मला जागा दिली आणि रागाने कुजबुजली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "काय?" तर म्हणते, "एवढं भारी होतं, आणि मी आपली येड्यासारखी पराया पराया करत बसले. मला पण सांग ना पूर्ण, आजोबांचं." ती खरंच रुसली होती, आणि दोन दिवस रुसलेली राहिली, गोष्ट आधी तिला मिळाली नाही म्हणून. सगळंच गोड झालं असं नाही. वर्गातल्या एका मुलीने त्यानंतर माझ्या डब्यातलं खाणं बंद केलं, आणि दुसरी एक इतकी गोड बोलायला लागली की तिच्यापेक्षा ती पहिली परवडली. मेधाच्या घरी मी पुढच्याच आठवड्यात गेले. तिने आईला सगळं सांगितलं होतं हे दारातच कळलं, कारण तिची आई जरा जास्तच या या करत होती. चहा आला तेव्हा मी कपाकडे पाहिलं. निळ्या फुलांचा, सगळ्यांना होता तसाच. मी बशीत ओतून तो अगदी सावकाश प्यायले.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी तास संपल्यावर मी एकटीच कॉलेजच्या गेटाबाहेर आले, तर रस्त्याच्या पलीकडे पेरूवाल्याच्या गाडीशेजारी नाना उभे. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, हातात न उघडलेला डबा. त्यांना तिथे पाहिलं आणि वर्गात इतका वेळ शहाण्यासारखी वागलेली मी रस्ता ओलांडता ओलांडताच रडायला लागले. मला काही वाईट वाटत नव्हतं. उलट डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घेतल्यासारखं झालं होतं, आणि ते त्यांना सांगायला तोंडातून शब्द निघत नव्हता.

"कोण बोललं?" नानांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाव सांग. कोण बोललं तुला?"

"कोणी नाही ओ नाना. कोणीच काही बोललं नाही."

"मग रडतेस कशाला?"

"असंच."

त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. मग हळूच विचारलं, "सांगितलंस? आज्याचं?"

"सांगितलं. चामडं कापलं ते पण. मॅडमनी लिहून घेतलं."

"लिहून घेतलं?"

"हो. वहीत."

नाना मान हलवत राहिले. पेरूवाला आमच्याकडे बघत होता, त्याचंही भान नव्हतं त्यांना. मग त्यांनी मागच्या बंद दुकानाच्या पायरीला हात टेकला आणि सावकाश खाली बसले. मी घाबरले, म्हटलं, काय झालं, पाणी आणू का? त्यांनी माझं मनगट धरलं.

"काही नाही. थांब जरा सुमे," ते म्हणाले. "पाय लटपटतायत. सकाळपासून इथंच उभा आहे."